पूजेतला पाना

सदलगा
श्रावण वद्य पंचमी, शके १८६५

चि. भरमू,

आक्काचा आशीर्वाद, आन् त्याच्या पाठोपाठ एक शिवी. दोन महिने झालं, तुजं कार्ड न्हाय. खडकीला लष्कराच्या कारखान्यात साऱ्या मुलखाच्या मोटारी नीट करतोस, आन् आक्काला चार वळी लिवायला हात दुखतोय व्हय रं?

आता कामाचं. मनु माहेराला आलीया. पोरगी वाळून गेलीया, पण पोट चांगलं दिसतंय. तुला ठावं हाय, दोन येळा आडली आन् दोनी लेकरं हातची गेली. गेल्या खेपेला बेळगावच्या डॉक्टरीणबाईनं मला बाजूला घेऊन सांगितलं, ह्या पोरीला आता घरात बाळंत करशीला तर पोरगीबी जाईल. नववा लागला की इथं आणून ठेवा, पोट कापून लेकरू काढावं लागंल. नववा लागतोय दसऱ्याच्या पुढं. सर्व्हिस मोटार लढाईपायी बंद. बैलगाडीनं बेळगाव म्हंजे वाटंत मुक्काम, आन् तिची कंबर त्यो धक्का सोसायची न्हाय. म्हणून कुपनाचं पेट्रोल डब्यात साठवून ठेवलंय आन् आपली मोटार हाय, ह्या भरवशावर बसलोय.

पण मोटारच रुसलीया. दुसऱ्या गिअरात घातली की उतारावर दांडी आपसूक उडती आन् मोटार मोकळी सुटती. आवाज तर असा करती की गल्लीतली कुत्री वाट सोडत्यात. शेजारचा भावकू म्हणतोय दृष्ट लागलीया, लिंबू बांधूया. बांधलंय लिंबू. तुजं काय म्हणणं त्ये कळव.

तुजी
इंदुआक्का

*

खडकी
२६ ऑगस्ट १९४३

ती. आक्का,

नमस्कार. शिवी पोचली, गोड लागली.

लिंबू राहू दे, त्यानं काय बिघडत न्हाय. पण दाजींना एवढं करायला सांग. मोटार जाग्यावर उभी, इंजिन चालू, दांडी मधोमध मोकळी. आवाज येतोय का? येत असला तर क्लच दाबायचा. दाबल्यावर आवाज थांबला तर दुखणं गिअरबॉक्सच्या खोक्यात हाय. आणि दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं बेरिंग गेलंय, ते सोपं. मग जरा रस्त्यावर न्यायची आणि तिन्ही गिअरात ऐकायचं, कुठल्यात रडती आणि कुठल्यात गप राहती. शेवटी खोक्याच्या बुडाचा बोल्ट काढून तेल परातीत घ्यायचं. घरातली जेवणाची परात घेऊ नको, न्हाईतर मला पुन्हा शिवी.

दाजींना हे मी सांगायचं म्हणजे उलटंच झालं. पहिला पाना माझ्या हातात त्यांनीच दिला. मिसरूड फुटलं नव्हतं तवा. तरी लिहितो, कारण तू ऐकून लिहिणार, ते काय लिहीत न्हाईत.

मनुला सांग, मामा दसऱ्याला रजा काढून येतोय. तिला बेळगावला मी नेणार.

तुझा भरमा

*

सदलगा
भाद्रपद शुद्ध तृतीया

चि. भरमू,

केलं बाबा सगळं. मोकळ्यात ठेवली तर जात्यात खडा आल्यावाणी घरघर. क्लच दाबला की गप. सोडला की पुन्हा सुरू. रस्त्याला भावकूनं चालवली. पहिल्यात रडती, दुसऱ्यात तर ऊर बडवून रडती, आन् तिसऱ्यात घातली की अशी चिडीचूप की वाटावं उगंच नाटक करत हुती. सासरी नांदणारी पोर माहेरचं माणूस बघून रडती आन् सासू आली की गप बसती, तसं.

तेल परातीत घेतलं. (जुनी परात हाय, तोंड मिटून बस.) उन्हाला धरली तर काळ्या तेलात जरीवाणी चमचम. बुडाला कण्या बसल्या हुत्या. त्यात एक तुकडा घावला, माणसाच्या दाढंएवढा. धुवून चिंधीत बांधून ठेवलाय.

ह्ये काय हाय त्ये आडपडदा न ठेवता लिव. मनु रोज इचारती, आई, मोटार व्हईल न्हवं नीट? मी म्हणती, तुजा मामा हाय न्हवं.

आक्का

*

खडकी
१० सप्टेंबर १९४३

ती. आक्का,

तू लिहिलंस तसं माझ्या हाताखालची शिकलेली पोरं लिहीत न्हाईत. दुखणं कळलं. तिसऱ्यात जोर वरच्या दांड्यावरनं सरळ पार होतो, म्हणून गप. खालच्या गिअरात खालचा दांडा जोर घेतो, आणि त्याचीच बेरिंगं झिजलीत. आतली दातेरी चाकं एकमेकांला धड भेटत न्हाईत, म्हणून दुसरा उडतो. ती दाढ म्हणजे गिअरचाच दात हाय. एक पडला की बाकीचे राहत न्हाईत. एखाद्या दिवशी तुकडा मधी अडकला तर मोटारीची चाकं जाग्यावर जाम होतील. मनुला त्या मोटारीत आता बसवू नका.

खोकंच बदलाय पाहिजे. नवीन मिळणार न्हाय, सगळं लढाईला जातंय. बेळगावला जुन्या लोखंडवाल्यांकडं मोडक्या मोटारीचं असंल. घेताना वरचं झाकण काढून प्रत्येक दात बोटानं चाचपायचा, दांडा धरून वरखाली हलवून बघायचा. डगमगला तर घ्यायचं न्हाय.

एक बोलतो, राग मानू नको. तेलात एवढी कणी साठेपर्यंत दाजी काय करत होते? मला ते शिकवायचे, अमावस्या आली की तेल बघ. आता स्वतःची पोरगी त्या मोटारीत बसायची आणि त्यांनी बुडाचा बोल्ट काढून बघितला न्हाय? दोन वळी लिहायला पण त्यांना सवड न्हाय. माणूस आळशी झालाय असं म्हणवत न्हाय, पण दुसरं काय म्हणू?

भरमा

*

सदलगा
भाद्रपद वद्य चतुर्थी

चि. भरमू,

खोकं आणलं. भावकूसंगं बेळगावला गेलते. खडेबाजाराच्या मागल्या बोळात एका जुन्या लोखंडवाल्याकडं घावलं. कानडीत घासाघीस करून त्येला दमवला. दात समदे चाचपलं, एकबी तुटल्याला न्हाय. दांडा हलत न्हाय. आता पडवीत गोणपाटाव बसलंय, मोटारीपेक्षा त्येचाच मान मोठा झालाय.

तुज्या दाजींबद्दल जे लिवलंस त्ये मी त्येंना वाचून दाखवलं न्हाय. वाचताना तेवढ्या वळी गिळल्या. त्येंच्याबद्दल असलं पुन्हा लिवू नको. एवढंच सांगती.

आता इचारती त्येचं उत्तर लगोलग धाड. मागल्या चाकाकडं जाणारा लांब दांडा सोडवला. पण खोकं इंजिनाला जिथं चार बोल्टांनी धरलंय, तिथला वरचा डावा बोल्ट हालंना झालाय. पाना बसतोय, पण फिरवायला जागा न्हाय. घासलेट टाकून ठेवलंय. दुसरं काय करू? आन् खोकं बाहीर येताना त्येचं वजन कशाव तोलायचं?

मनुला रातचं पाय सुजल्यात. बाकी बरी हाय.

आक्का

*

खडकी
२५ सप्टेंबर १९४३

ती. आक्का,

तुझ्या पत्राच्या पाठीवर तेलाचा अंगठा उमटलाय. मी तो बराच येळ बघत बसलो. दाजींचा अंगठा केवढा ते मला ठाऊक हाय, लहानपणी लई खाल्लाय त्या हाताचा मार. हा अंगठा बारका हाय. आणि तू लिहितेस "काय करू". "ह्यांनी काय करावं" असं न्हाय.

आक्का, खरं सांग. मोटारीखाली कोण झोपतंय? दाजींना काय झालंय?

रजा मिळाली न्हाय. दसरा होईपर्यंत कुणालाच न्हाय म्हणतात. साहेबाला मनुचं सांगितलं, तो म्हणाला प्रत्येकाच्या घरात कोणतरी हाय. मी तिथं पाहिजे होतो आणि इथं दुसऱ्याच्या मोटारीखाली पडलोय. लई राग येतोय, कुणावर काढू कळत न्हाय.

बोल्टाचं ऐक. कडेनं जळता पलिता धरून लोखंड तापव, मग पाना लाव आणि पान्याच्या दांड्यावर हलक्या हातानं हातोडी मार. पेट्रोलचा डबा त्या वक्ताला लांब ठेव. खोक्याच्या खाली गोणपाटाची झोळी करून दोर वर तुळईवरनं घे, भावकूला दोर धरू दे. जाताना येताना खोकं सरळच सरकलं पाहिजे. अर्ध्यात लोंबकळलं तर क्लचची तबकडी वाकती.

नवीन बसवताना चारी बोल्ट आधी बोटांनी बसव. मग पान्यानं आवळ, थोडं हे, थोडं समोरचं, असं आळीपाळीनं. एकच एकदम आवळलास तर खोक्याचा कान, म्हणजे बोल्ट जातो ती भोकाची कड, मोडंल, बिडाचं लोखंड हाय ते. आणि अंधारात आवळू नको. दिवस मावळला तर बोटांनी बसवून तसंच ठेव, दुसऱ्या दिवशी उजेडात आवळ. घाई केलीस की कान गेला म्हणून समज.

भरमा

*

सदलगा
आश्विन शुद्ध अष्टमी

चि. भरमू,

व्हय. मीच झोपती मोटारीखाली. नऊवारीचा काष्टा मारून, डोक्याला फडकं गुंडाळून. गल्लीतल्या बायका कुंपणावरनं बघून तोंडाला पदर लावून हसत्यात, हसू देत.

तुज्या दाजींच्या अंगावरनं आषाढात वारं गेलं. सकाळी दातवान चावताना खाली बसलं त्ये बसलंच. उजवा हात लुळा पडलाय, पाय वढत चालत्यात. बोलणं तोंडातल्या तोंडात फिरतंय, माझ्याशिवाय कुणाला कळत न्हाय. मला शपथ घातली, भरम्याला कळवू नको. म्हणालं, त्या पोरानं माजा हात चालताना बघितलाय, त्येच्या डोळ्यांत त्योच ऱ्हाऊ दे. म्हणून तुजं बोलणं मी गिळलं. आता तुलाच कळलं, तर मी शपथ मोडली न्हाय.

पण भरमू, आज मी खूश हाय रं! खोकं बसलं! वरचा डावा बोल्ट तू सांगितलंस तसा तापवला, आन् त्यो मुकाट फिरला. भावकूनं दोर धरला, तुजं दाजी बाजंवर बसून डाव्या हातानं खुणा करत हुतं, वर, खाली, जरा इकडं. दांडा आत शिरंना, शिरंना, आन् एकदम खट करून बसला. दाजींच्या डोळ्यांत पाणी आलं. मनु चहा घेऊन आली, तिचा पदर काळा केला मी. तेल घातलं, मागला दांडा जोडला. तवर दिवस मावळला, म्हणून चारी बोल्ट बोटांनी बसवून ठेवल्यात, तू म्हणालास तसं.

उद्या खंडेनवमी. हत्यारं पूजेला लागतील. दाजी म्हणालं, पूजा मी मांडणार, डाव्या हातानं. आषाढापासनं त्या माणसानं कायतरी मागितलं त्ये हेच. परवा दसऱ्याला पूजा हलवली की उजेडात बोल्ट आवळती, आन् सीमोल्लंघनाला मनुला घेऊन बेळगावची वाट धरतो. तू असतास तर बरं झालं असतं.

आक्का

*

खडकी
१० ऑक्टोबर १९४३

ती. आक्का,

तुझं पत्र आत्ता हातात आलं. हे कार्ड तुला मिळेपर्यंत दसरा होऊन गेलेला असणार, तरी लिहितो. बोल्ट बोटांवर ठेवून मोटार हलवू नका. पूजा असू दे, काय पण असू दे, आधी आवळ. मी "दुसऱ्या दिवशी" लिहिलं तवा दुसऱ्या दिवशी नवमी हाय हे माझ्या ध्यानातच न्हाय आलं. इथं नवमी कळतच न्हाय. दाजींबद्दल मी जे लिहिलं ते पत्र जाळून टाक. मनु कशी हाय? लगेच कळव.

भरमा

*

सदलगा
कार्तिक शुद्ध अष्टमी

चि. भरमू,

मनुचं इचारणारी तुजी तार आली, तिला उत्तर दिलं न्हाय. मनु गेली एवढं तुला भावकूनं लिववून कळवलं, बाकीचं मीच सांगाय पाहिजे.

नवमीला सकाळपासनं दाजी पूजेला बसलं. पाटावर नवं फडकं घातलं, एकेक पाना डाव्या हातानं पुसून वळीनं मांडला. एरवी घटकंचं काम, त्या दिवशी दुपार झाली. हातोडीला झेंडूची माळ घातली, नारळ माझ्याकडनं फोडून घेतला. किती दिसांनी हसलं रं त्ये. मनु म्हणाली, आण्णा, माझ्या अडकित्त्यालाबी कुकू लावा. तोबी मांडला.

जेवणं झाली आन् मनुचं पोट दुखाय लागलं. अजून नववा लागला न्हवता. मी म्हणलं बाधलं असंल. मग तिच्या लुगड्याला रगत दिसलं.

भावकू पळत आला. मी म्हणलं मोटार काढ, मी तवर बोल्ट आवळती. आन् देव्हाऱ्याकडं गेले, पान्याला हात घालणार, तर दाजी वराडलं. इतकं साफ बोलणं आषाढापासनं ऐकलं न्हवतं. "काढू नको! पूजेतलं हत्यार उचललं की रगत मागतंय!"

आपल्या घरात लहानपणापासनं ह्येच ऐकलंय न्हवं? आप्पा नवमीला खुरपंसुदीक उचलू देत नव्हतं. आन् हितं मनुच्या अंगावरनं रगत चाललं हुतं. त्येंनी मला धरलं न्हवतं, भरमू. लुळं माणूस ते, बाजूला सारलं असतं तर काय करणार हुतं? मीच हात मागं घेतला. मला वाटलं, आज पाना उचलला तर माझ्या पोरीचंच रगत मागंल.

मग सांडशी आठवली. चुलीजवळची सांडशी, ती काय हत्यार न्हवं, ती पूजेत नव्हती. ती घेऊन खाली शिरले आन् जेवढं दात धरंल तेवढं चारी बोल्ट फिरवलं. सांडशी घसरायची, बोटं सोलून निघाली. म्हणलं बेळगावपातूर निघंल एवढं. देवाला हात जोडलं.

मोटार चांगली चालली. लई चांगली चालली. आवाज न्हाय, दुसरा उडत न्हाय. मनुचं डोसकं माझ्या मांडीवर. ती म्हणाली, आई, गप चालतीया बघ. चिकोडीच्या अलीकडं चढ लागला. भावकूनं दुसऱ्यात घातली आन् खालनं कट्ट झालं. खोकं मागं सरकलं, एक कान मोडला. बोल्ट कुठं पडलं देव जाणं. क्लच दाबला तर नुसता दाबतोय. मोटार तिथंच बसली.

रस्त्याला चिटपाखरू न्हाय. सारा मुलूख घरात सण करत बसलाय. भावकू पळत गेला, कुठल्यातरी वस्तीवरनं बैलगाडी आणीपातूर लेकरू मोटारीतच झालं. पोरगा हुता. रडला न्हाय. मी उलटा धरून पाठ चोळली, तोंडात फुंकलं, काय काय केलं. चिकोडीच्या दवाखान्यात नेलं तवा मनु शुद्धीवर हुती. डॉक्टरनं हात जोडलं, म्हणाला रगत लई गेलंय. दसऱ्याच्या दिवशी उजाडताना गेली. जाताना मला म्हणाली, मामाला सांग मोटार नीट झाल्याली.

दाजी बोलत न्हाईत. जेवायला घातलं तर जेवत्यात, न्हाईतर बसून ऱ्हात्यात. पूजा अजून पाटावर तशीच हाय, कुणी हलवली न्हाय. झेंडू वाळून काळा पडलाय. त्या खोलीत मी जात न्हाय.

आक्का

*

खडकी
१५ नोव्हेंबर १९४३

आक्का,

तुझं पत्र वाचलं. पुन्हा वाचवत न्हाय.

त्या नवमीला मी सकाळपासनं संध्याकाळपर्यंत पाना हातातनं खाली ठेवला न्हाय. आमच्या इथं कुणी पूजा मांडली न्हाय. एक फुलसुद्धा वाहिलं न्हाय. तरी माझ्या पान्यानं कुणाचं रगत मागितलं न्हाय, आक्का. आणि तुमच्या घरात तो कुकवात बसून राहिला.

तू हात मागं घेतलास असं म्हणतेस. अंधारात आवळू नको हे कुणी लिहिलं? मी लिहिलं. बिडाचा कान वाचवायला निघालो होतो मी. दाजींना दोष देऊ नको आणि स्वतःलाही देऊ नको. द्यायचाच असंल तर माझा हाय, मी तो घेऊन बसलोय.

मार्गशीर्षात रजा हाय. मी येतो. कान जोडून घेऊ, नवीन बोल्ट आणतो. पूजा मी आल्यावर मीच हलवतो.

भरमा

*

सदलगा
आश्विन शुद्ध नवमी, शके १८६६

चि. भरमू,

आक्काचा आशीर्वाद. शिवी न्हाय, हल्ली सुचत न्हाय.

तू मार्गशीर्षात कान जोडून दिलास तवापासनं मोटार नीट हाय. मी दर अमावस्येला तेल बघती. परात स्वच्छ निघती. पेट्रोल जपून ठेवलंय, सणाला न्हाय, बाजाराला न्हाय, नुसतं अडल्या-नडलेल्या बाईसाठी. पावसाळ्यात दोघी नेल्या चिकोडीला, दोघी लेकरं घेऊन परत आल्या. त्येंची लेकरं मांडीवर घेतली की मला घरी येऊन अंथरुणावर पडावं लागतंय. पण नेती. आता भावकूची सून दिवसात हाय. तीबी पहिल्या खेपेला आडलीया.

आज खंडेनवमी. मला वाटलं हुतं, ह्या साली दाजी पूजेचं नाव काढणार न्हाईत. पण सकाळी उठून बसलं, पाट मागितला. मी मुकाट दिला आन् सैपाकघरात जाऊन उभी ऱ्हायले. भांडण करायचं नव्हतं. पण आज कुणी आडवलं असतं तरी मी ऐकलं नसतं, एवढं मनाशी धरून ठेवलं हुतं.

थोड्या येळानं त्येंनी हाक मारली. गेले. पाटावर समदी हत्यारं वळीनं मांडली हुती, कुकू लावलं हुतं. मनुचा अडकित्तासुदीक हुता. मधी एका पान्याची जागा मोकळी. त्यो पाना त्येंच्या मांडीवर हुता, त्या चार बोल्टांचा. त्येला कुकू लावलं न्हवतं. डाव्या हातानं उचलून माझ्या हातात दिला, आन् माझी बोटं एकेक करून त्याच्यावर मिटवली. म्हणालं, "ह्यो भाईर."

वरीसभरात त्येवढंच बोललं.

मी त्यो कनवटीला खोवला आन् भावकूच्या सुनंकडं जाऊन आले. पाय सुजल्यात, पण अजून येळ हाय म्हणाली. आता पडवीत मोटारीजवळ बसून तुला लिवती.

इंदुआक्का